पाचवा रकाना

ब्याऐंशी सालच्या जुलैत
क्वेइचौच्या डोंगरात मी माणसं मोजत होतो.
खांद्याला पिशवी: अर्ज, पेन्सिली, मण्यांची मोजपाटी,
आणि आईनं दिलेला वेगळा डबा,
कारण आम्ही हुई. डुकराची चरबी लागलेल्या कढईतलं
आम्हाला चालत नाही.
हे सांगताना अजूनही माझी मान खाली जाते, का कोण जाणे.

पाचव्या रकान्यात जमात लिहायची.
अर्जासोबत छापील यादी: हान, मंगोल, हुई, तिबेटी, उइघुर, म्याव...
छप्पन्न नावं. शेवटचं नुकतंच चिकटलेलं,
तीन वर्षांपूर्वी.

माझा सोबती फान, मिठाच्या गोदामातला कारकून,
कागदावर हान.
त्याची आई वेनचौची. ती पोराला ओरडायला लागली
की गल्लीतले बाकीचे हान दारं उघडून बघायचे,
हे भांडण आलं तरी कुठल्या मुलखातून.
हान म्हणजे एक मोठी छत्री.
खाली कोण कोण उभं होतं,
ते पाऊस थांबल्यावर कळतं.

मग वरच्या वाडीत ती.
उंबऱ्यात बसून कापडावर मेण ओढत होती.
तांब्याची इवलीशी सुरी, निखाऱ्यावर वाटी,
आणि हात असा, की जणू रेघ आधीपासून तिथंच होती.
कागदावरचं नाव लियाव शियुझेन.
घरातलं वेगळं. ते तिनं दोनदा सांगितलं,
माझ्या अक्षरांत ते मावलं नाही.

"जमात?"
"गेजिया."
मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.
तालुक्याहून बजावलं होतं: असले सगळे म्यावमध्ये ढकला.
"म्याव लिहू?"
ती सुरी फुंकत म्हणाली,
"म्याव ओढ्यापलीकडे. माझी सून तिथलीच. गुणाची आहे.
पण मीठ मागितलं की पहिली दोन वर्षं
पाणी आणून द्यायची."
आतून कुणीतरी हसलं.

"यादीत नाही हो, मावशी."
"चल, तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत."

मला हसू फुटलं. तिला कळेना का.
मी यादी तिच्यापुढं धरली,
एकेका नावावर बोट ठेवून मोजून दाखवली.
तिनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
"खाली कोरी जागा आहे की,"
एवढंच म्हणाली.

नंतर नेऊन निळीचा रांजण दाखवला.
"बुडवलं की सगळं कापड निळं.
मेण असेल तिथं तेवढी नीळ शिरत नाही.
मग उकळायचं, मेणही जातं.
हे पांढरं मी रंगवत नाही रे.
राखते."

मी हुई, हे तिनं डब्यावरून ओळखलं असावं.
काही न विचारता माळ्यावरून कोरं मडकं काढलं,
सुनेनं ते ओढ्यावर घासून आणलं,
त्यात नुसता भात, आणि वर आंबट टोमॅटोचं पाणी.
यादीत माझं नाव तिसरं.
पण यादी वाचून
माझ्यासाठी कुणी कधी भात टाकल्याचं मला आठवत नाही.

निघताना अंगठ्यासाठी लाल शाईची डबी उघडतोय,
तोवर तिनं अंगठा टेकवलाही होता.
निळा.

तालुक्याचे साहेब म्हणाले, हा चालायचा नाही, परत जा.
मी म्हटलं, वाट खचलीय.
वाट तेव्हा खचली नव्हती.

पाचव्या रकान्यात मी काय लिहिलं ते विचारू नका.
लिहिलं होतं तेच, तिनं सांगितलं तेच.
पण पेन्सिलीनं.
आणि पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं
हे मला तेव्हाही माहीत होतं.