पंचेचाळीस बोद

वखारीच्या अलीकडे शंभर पावलांवर
मला पहिली शिंक आली.
आगीला तीन दिवस झाले तरी निपाणी शिंकतेच आहे:
किराणावाला गिऱ्हाइकाच्या तोंडावर,
शाळेतली पोरं प्रार्थनेच्या मधोमध.

चोवीस वर्षं मी दुसऱ्यांचं नुकसान मोजतो.
खानापूरचा काजूचा कारखाना मोजला,
गोकाकात पुरात बुडालेलं औषधांचं दुकान.
प्रत्येक नुकसानीला वास असतो,
फॉर्मात त्याला रकाना नाही.

तवनाप्पा मगदूम खुर्ची पुसून देतात.
पुसल्यावर ती जास्तच काळी होते.
चहालाही तंबाखूची चव.

कागद तीन भाषांतले.
बंबवाल्यांचा दाखला कन्नड, त्यात ती बेंकी.
स्टॉकचं बुक मराठी, मुनिमाच्या वळणदार आकड्यांचं.
पॉलिसी इंग्रजी, मुंगीएवढ्या टायपात,
तिथं आग नुसती लागून चालत नाही,
तिला कारण लागतं, वेळ लागते.
वेळ?
"कुत्री भुंकाय लागली तवा."
मी लिहितो: पहाटे अंदाजे साडेचार.

कोपऱ्यातले बोद जळाले,
बाकीचे पाण्यानं मेले.
बंबाचं पाणीही विम्यात बसतं, असं सांगितल्यावर
मगदूम पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतात.
"म्हंजे इझवणाऱ्यानं केलेलं नुकसान पण?"
तेपण.

मिरजेचा भंगारवाला ओल्या ढिगात हात घालतो,
हुंगतो, थुंकतो, सगळ्याचे मिळून तीन लाख म्हणतो.
तसा हा माल जळायलाच पिकवला होता,
चिमूटभर एका वेळी, एकेका काडीनं.
हे वाक्य मी रिपोर्टात घातलं नाही.

बुकात बोद चारशे बारा.
खात्री करायला म्हणून मी रत्नव्वा भोपळेला विचारलं,
चाळणीवर अठ्ठावीस वर्षं,
डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल.
ती भिंतीकडे बोट करत थर सांगत गेली:
हितं नऊची थप्पी, हितं सात, दाराजवळ मोकळं.
मोकळं?
"शुक्रवारी टेम्पो भरला की, संकेश्वरचा. पंचेचाळीस गेली."

छपराचा सुटलेला पत्रा कर्रर्र वाजला.
मुनिमानं टोपी काढली, परत घातली.
बुकात तो टेम्पो कुठेच नव्हता.

मगदूम तिच्याकडे बघत राहिले,
मग जळक्या तुळईकडे,
मग बुटांकडे.
"खरं सांगत्या ती. लिवा, तीनशे सदुसष्ट."

मी खोडलं, लिहिलं.
खोडलेल्या आकड्याशेजारी त्यांची सही.
सहीच्या मांडीवर तिचा अंगठा,
शाई लावायची गरज पडली नाही.

निघताना विचारलं, तुमचं काय गेलं?
"माझी चाळण. हाताला बसल्याली."
किती वर्षांची?
तिनं सांगितलं, आणि माझ्या डोक्यानं
न विचारता घसारा काढला: शून्य.
शिवाय ती यादीत नव्हतीच.

तवंदीचा घाट चढून गाडी बाजूला घेतली,
कॅल्क्युलेटर काढला.
माल पंचावन्न लाखांचा, विमा पंचेचाळीसचा.
हप्ता वाचवायला कमी उतरवलेला, सगळेच उतरवतात.
त्याला सरासरीचं कलम लावलं,
मग तेच गणित खोट्या चारशे बारांवर करून पाहिलं.
फरक सव्वीस हजार सातशेचा.
पुन्हा केलं. तेवढाच.

पंचेचाळीस बोदांचं खोटं
पावणेसात लाखांचं, असंच वाटलं असणार त्यांना,
त्या पत्र्याखाली, त्या अर्ध्या मिनिटात.
फोन करून सांगावं का?
काय सांगणार?
की तुमचं खरं स्वस्तात पडलं?

हत्तरगीच्या नाक्यावर काच खाली केली.
पावती देता देता पोरगा शिंकला, दोनदा,
नाक पुसत हसला,
आणि कन्नडमध्ये विचारलं,
निपाणीहून का?