म्हशींची वाट

रंकाळ्यावरून निघालो तेव्हा दुधाच्या किटल्याच तेवढ्या जाग्या.
फुलेवाडीच्या नाक्यावर दिलावर उभा,
एक पाय पेडलवर, तोंडात अर्धं बिस्कीट.
"आज डांबर नको," एवढंच बोलला.

मग कालव्याकडेची पट्टी. मुरूम.
टायरखाली खडे तडतडतात
भट्टीतल्या फुटाण्यांसारखे.
दोन्हीकडे ऊस, मधून आम्ही, आणि हॉर्न नाही.
तीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवून
मला वाटायचं, कान गेले.
गेले नव्हते.
चेन कोरडी आहे, हे तीन पेडलांत कळलं.

मसाई पठाराच्या चढाला दिलावर उतरला.
मी उतरलो नाही.
खोटं. दोनदा उतरलो.
पोटऱ्यांवर जांभ्याचा लाल चुरा,
आणि करवंदीच्या जाळीत एक बाई, डोक्याला टॉवेल:
"कुठं चाललाय?"
"वर."
"वर काय न्हाई."
"म्हणूनच."
ती हसली नाही. ओंजळभर करवंदं दिली,
चिकानं माखलेली.
"वाट म्हशींची हाय. समोरनं आल्या तर तुमी थांबायचं."

आल्या. थांबलो.
अकरा म्हशी, एक रेडकू,
कुणाला कसली घाई नाही.
शेवटचीनं माझं हँडल हुंगलं,
घंटी चाटून पाहिली,
चव पटली नसावी.

खाली, लांब, हायवे चकाकत होता
मुका.
दिलावरनं मागच्या चाकातला बाभळीचा काटा उपसला.
हवा सुटली, तो
सकाळपासूनचा सगळ्यात मोठा आवाज.