गट क्रमांक पाच

अकरा वर्षं मी मंडळीला मानेवरून ओळखत होते.
पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर वळवींची मान, उन्हानं रापलेली.
इकडे माझ्यापुढं एक अंबाडा,
त्यातला एक आकडा कायम निसटलेला.
उपासना संपली की दारात हात मिळवायचे,
सलाम म्हणायचं, चपला शोधायच्या.
नवापुरात माझी दोनशे भावंडं होती
आणि एकाच्याही घरात मीठ कुठं ठेवतात
ते मला माहीत नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या.
गट क्रमांक पाच. आठ माणसं. दर गुरुवारी
रंगावलीच्या पलीकडं, बनाया गावितांच्या घरी,
कोंबड्यांच्या शेडमागं.
यादी उघडली आणि पोटात खड्डा पडला.
सहावं नाव तबीथाचं.
तबीथा आणि मी आणि शिवणयंत्राचं प्रकरण.
ते नंतर सांगते.

पहिले चार गुरुवार काय केलं?
तुरीचा भाव. कोंबड्यांचा खोकला.
प्रार्थना अशी की कुणाला लागू नये:
सर्व आजाऱ्यांना बरं कर, सर्व प्रवाशांना सांभाळ.
मी डाळमिलच्या काट्यावर बसते,
भरल्या पोत्यातून बारदानाचं वजन वजा करते दिवसभर.
ते चार गुरुवार
नुसतं बारदान.

पाचव्याला वीज गेली.
शेडमधले पंखे थांबले, पाचशे कोंबड्या एकदम गप्प.
त्या काळोखात नथन्येल वळवी बोलला,
तोच, तिसऱ्या बाकावरचा:
"पोरगी गेल्यापासून मी प्रार्थना करत नाही.
दोन वर्षं झाली.
तुमच्याबरोबर नुसते ओठ हलवतो."

कुणी वचन काढलं नाही.
पाळकांचा मुलगा असता तर काढलं असतं,
बरं झालं, तो गट क्रमांक दोनमध्ये.
डास चावत होते, कुणी मारत नव्हतं.
मग साक्रीच्या सगुणामावशी,
ज्यांना वाचता येत नाही,
ज्या शास्त्रपाठाला पुस्तक उलटं धरतात
आणि आम्ही बघत नाही,
त्या म्हणाल्या,
"तू व्हट हालाव, भाऊ. आवाज आम्हना."

एवढंच.
बनायाच्या बायकोला मेणबत्ती सापडेना,
ती चुलीतलं जळतं लाकूडच घेऊन आली
आणि त्या धुरकट उजेडात
मी माझ्या मंडळीला पहिल्यांदा समोरून पाहिलं.

त्या चौघांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकते,
छप्पर उघडून मित्राला बाजेसकट खाली सोडलं त्यांची.
बाजेवरचा काय विश्वास धरून होता, कुणी सांगत नाही.
प्रभूनं दोर धरणाऱ्यांकडं पाहिलं.
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं, डास चावत असताना.

तरी खोटं कशाला बोलू.
सातव्या गुरुवारी दाविदमास्तर आले नाहीत,
पुन्हा आलेच नाहीत. "इतकं जवळ नको," असा निरोप.
मला तो समजतो.
जवळ बसलं की लसणाचा वास येतो,
रागाचाही येतो.
तबीथानंच शेवटी विषय काढला, ताटं घासता घासता:
"सासूच्या औषधाला विकलं गं.
तुझं होतं, तरी विकलं."
मी माफ केलं असं अजून म्हणत नाही.
पण परवा तिच्याकडं डाळ अळणी झाली
तेव्हा तिला न विचारता
माझा हात खिडकीतल्या फुटक्या बरणीकडं गेला.

रविवारी सगळं पूर्वीसारखंच.
अंबाडा. आकडा. नथन्येलची रापलेली मान.
ओठ हलतात का, मागून दिसत नाही.
गीताच्या तिसऱ्या कडव्याला
मी जरा मोठ्यानं गाते.