उघाडी

नेरुळ, दुसरा मजला, सकाळचे पावणेनऊ.
भूपेश धर्माजी मढवी, वय एकोणीस, राहणार शहाबाज,
स्ट्रेचरवर.
काल चुलत बहिणीची हळद होती,
पानात भात तीनदा, वर थंडाच्या बाटल्या, पहाटेपर्यंत नाच.
उजाडलं तेव्हा पाय होते,
पण त्याचे नव्हते.

मी मनगट पुसते, जेल लावते,
करंगळीच्या मुळाशी चकती चिकटवते.
"चिमटा बसेल हं."
"बसला," तो म्हणतो.
करंगळी मात्र ढिम्म.

पडद्यावर जिथं टेकडी उभी राहायची
तिथं खाणीनं खाल्लेला पारसिक.
जेमतेम एक उंचवटा.

वडील मागून विचारतात, काय दिसतंय?
एरवी मी सांगत नाही, तो डॉक्टरांचा मान.
पण मशीन पुन्हा तयार व्हायला वेळ होता
आणि त्यांच्या हातात लेकाच्या चपला होत्या.

म्हटलं, काका, प्रत्येक पेशीभोवती एक बांध असतो.
बाहेर आपलं नेहमीचं मीठ, आत दुसरं, पोटॅशियम.
बांधात हजारो दारं.
त्यांना डोळे नाहीत, फक्त विजेचा दाब कळतो.
दाब हलला की दार उघडतं, मीठ आत लोटतं,
त्या लोंढ्यानं पुढचं दार, मग त्याच्या पुढचं,
आणि डोळा लवायच्या आत सगळी मिटतात.
मग दुसरी दारं आतलं मीठ बाहेर सोडतात, बांध निवतो.
एवढंच.
एवढ्यावर बोट हलतं,
एवढ्यावर माणूस हळदीत नाचतो.

"म्हंजे उघाडी," ते म्हणाले.
"वीस वर्सं मी तीच राखली, मिठागरावर.
उधाणाला रातभर जागायचं.
फळी कवा उचलायची, कवा टाकायची,
पानी सांगतं, आपुन नाय."

मग यांचं कुठं अडलं?
रिपोर्ट यायचाय, पण डॉक्टरांना संशय असा,
की दार शाबूत आहे,
चौकटीशेजारून बारीक गळतंय, रात्रंदिवस.
एरवी निभावतं.
पोटभर भात, दमलेली झोप,
की रक्तातलं पोटॅशियम आत पळतं,
दाब ढासळतो
आणि दारं मिटून बसतात, हाक मारली तरी.

ते बराच वेळ चपला न्याहाळत राहिले.
"चिंबोरीचं बील," म्हणाले.
"उघाडी पक्की, न् बाजूला बोटाएवढं बील.
त्यानंच आख्खा बांध जातो."

मग आवाज उतरवून,
"मीबी पडलेलो. बावीस वर्सांचा असन.
होलीच्या दुसऱ्या दिशी, बांधावर, एकलाच.
भरती कमरंला लागली तरी पाय उठं नाय.
आयशीनं भगत आनला.
पुढं आपसूक थांबलं.
बायकोला पन नाय सांगितलं."

स्ट्रेचरवर भूपेशनं मान वळवली.
तेवढी वळत होती.

बारापर्यंत औषधाचे चार डोस गेले, प्रत्येकाला शिवी देऊन.
पुन्हा चिमटा.
उंचवटा थोडा वर आला,
टेकडी नाही अजून.

फॉर्मवर एक रकाना आहे, कुटुंबात आणखी कुणाला?
सकाळी त्यांनीच सांगितलं म्हणून मी लिहिलं होतं, नाही.
आता ते खोडते.
धर्माजी माझ्या बोटांकडे बघत राहतात,
पेन उचलताना कुठली फळी
आधी वर गेली
ते शोधत.