शिवण नडगीवर येते तेव्हा

भद्रकालीत, टॅक्सी स्टँडच्या पाठीमागे,
दोन माणसं बसली की तिसरं उभं राहील एवढ्या गाळ्यात
तेजल घुगे जीन्स आपटते टेबलावर.
"ताई, शिवण बघा कुठे आलीय.
चार धुण्यांत बाजूची सरकून थेट नडगीवर!"

मी आधी दोरा तोडते दातांनी,
मग चष्मा पुसते,
मग भिंग काढते. भाऊंचं, येवल्याचं,
पितळी, चौकोनी पायाचं,
ज्यातून ते पदरावरच्या मोराची
चुकलेली एक चोच शोधायचे.

वाक जरा. बघ.
निळा धागा उभा, पांढरा आडवा.
निळा तिघांच्या डोक्यावरून जातो, चौथ्याखाली बुडी मारतो.
शेजारचा निळाही तेच करतो,
फक्त एक घर पुढे सरकून.
त्या एका घरामुळे
अख्ख्या कापडाला चढण लागते,
पांडवलेण्याच्या पायऱ्यांसारखी,
डावीकडून वर, उजवीकडे.
म्हणून बाहेरून निळी, आतून पांढुरकी.
म्हणून गुडघ्यावर विटते तीही तिरप्या रेघेनं.

"ते कळलं. शिवण का फिरली?"

अगं, कारखान्यात ताणून, वाफ देऊन
सरळ उभं केलेलं असतं त्याला.
पाणी लागलं की आपला कल आठवतो.
एका पायाची पुढे येते, दुसऱ्याची मागे जाते.
शिंप्याची चूक नाही.
माझी तर नाहीच, मी फक्त खालची पट्टी मारली,
ऐंशी रुपयांत.

तिला पटत नाही.
मी बिस्किटांचा डबा उघडते, चिंध्यांचा.
ही साधी वीण: एक वर, एक खाली, एक वर, एक खाली,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखी.
दोन्ही अंगांनी तीच आकाशी. शर्टाला बरी,
पोटात काही ठेवत नाही.
ही मोडकी ट्विल: दोन पावलं इकडे, लगेच दोन तिकडे,
कुठल्याच बाजूला झुकू देत नाही, म्हणून पाय पिळवटत नाही.
लांबून रेघ शोधशील तर सापडायची नाही.

आणि ही. डोळे मीट.
अंगठा फिरव.

"मऊ आहे."

उलटी चढण. उजवीकडून वर, डावीकडे.
सुतानं काततानाच एक पीळ घेतलेला असतो,
ही वीण त्या पिळाच्या विरुद्ध चालते,
मग दर धुण्याला तो थोडा उलगडतो,
सैल सोडलेल्या वेणीसारखा.

एवढंच सांगते तिला.
हे नाही सांगत, की अकराव्या वर्षी
भाऊंनी माझा डावा हात
रेशमाच्या तुटक्या धाग्यांनी मागाच्या खांबाला बांधला होता,
धोटा उजव्यानं फेकायला शिकावा म्हणून.
मी शिकले नाही. शिवणकाम शिकले.
आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यावर एकदा
हीच चिंधी मी त्यांच्या हातात दिली होती.
अंगठा बराच वेळ फिरत राहिला.
"उलटी आहे. कुणी विणली?"
मशिननं, भाऊ.
"असू दे," म्हणाले, "बरी पडलीय."
आणि चिंधी परत दिली नाही त्या दिवशी,
उशीखाली ठेवली.

तेजल भिंगातून अजून बघतेय.
अंबडला सीएनसीवर असते, मायक्रॉनमध्ये चुका मोजते,
तिला इतकी मोठी चूक कशी चालावी?
उसवून सरळ करू का? विचारते मी.
पुन्हा फिरेल, आधीच सांगते.

"राहू द्या."
जीन्स घडी करते. शिवणीवर शिवण बसवायला जाते,
बसत नाही, तशीच गुंडाळते.
"पण ऐंशीतले निम्मे परत द्या."

चाळीस देते. डाव्या हातानं.
ती तोंड वाकडं करते, घेते,
आणि दूध बाजाराच्या गर्दीत शिरते
अंगातल्या दुसऱ्या जीन्सवर.
मी चष्मा वर सारून बघते:
तिचीही शिवण
आलीच आहे थोडी पुढे.