आस, पुल्लिंगी

हिलमन मिंक्स, एकोणसाठची, शेवाळी रंगाची.
लेम्स्टरच्या चढावर चाळिसाला पोचली
की मागून ओरडायची.
आधी वाटलं टायर, मग वाटलं बेअरिंग,
मग एका रविवारी मागचं तेल काढलं
आणि तेलात चकाकी दिसली, बोटाला टोचणारी.

हाडांचे फोटो काढण्यात माझी एकवीस वर्षं गेली,
हेरफर्डच्या इस्पितळात, तळघरात.
भेग कुठून सुरू झाली ते मला पाहताक्षणी कळतं.
लोखंडाचं मात्र मी धाकट्या भावाला विचारते.

फोनवर धैर्यशील, इस्लामपूर, मागे ट्रॅक्टर धडधडतोय:
"ताई, क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घे.
नुसता पिनियन दुसरा घातलास
तर जन्मभर कुरकुर ऐकशील.
एकमेकांवर झिजलेले असतात ते.
दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो, बघून घे."
आणि मग, जरा थांबून,
"आस मोडला नाही ना?"

नाही, दातेच गेलेत, मी म्हटलं.
पण तो शब्द फोन ठेवल्यावरही स्वयंपाकघरात राहिला.
इथे माझ्या तोंडी आस उरली होती ती स्त्रीलिंगी,
लावायची, धरायची, सोडायची.
चाकाच्या पोटातून जाणारा, ओझं पेलणारा,
वंगण मागणारा आस
मी विसरूनच गेले होते.

सहा ठिकाणी विचारलं.
लडलोचा माणूस हसला, म्हणाला, परवाच वितळवायला दिला.
टेनबरीत मिळाला, तो गंजून एकजीव झालेला.
सातवा पत्ता किंग्टनच्या पुढचा,
वेल्सच्या हद्दीला टेकलेला.

ऑलवेन ग्विलियम, वय असेल पंच्याहत्तर,
पायात नवऱ्याचे बूट, दोन नंबर मोठे.
कमरेएवढ्या खाजऱ्या झुडपांतून
काठीने वाट काढत ती पुढे.
"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली,
"फक्त त्याचं अक्षर लागतं."

शेडमध्ये आसांवर आस रचलेले,
प्रत्येकाला तारेने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.
ती चष्मा पुसून मोठ्याने वाचत गेली:
सिंगर, दाते गेले, विकू नये.
ऑस्टिन, डावीकडून गळतो, गरजूला फुकट.
मिंक्स, एकोणसाठ,
चाळिसाला गुणगुणतो, पण फसवणार नाही.

ती डाव्या ड्रमशी बसली, मी उजव्या.
पिनियनच्या तोंडावर खडूची रेघ.
दोघींनी मिळून एकच फेरा द्यायचा आणि रेघ मोजायची.
पहिल्यांदा ती पुढे गेली.
दुसऱ्यांदा मी.
तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे न बघता "चल" म्हटलं
आणि लोखंड मऊ आवाजात वळलं.
"पावणेपाच," माझ्या तोंडून गेलं.
काय म्हणालीस, तिने विचारलं.
चार, आणि पाचव्याला पाव कमी, मी समजावलं.
"एवढ्याला एकच शब्द?"
हो, आमच्याकडे आहे.

नंबर दोघांवर एकच निघाला, टॉर्च धरून तीनदा पाहिला.
चाळीस पौंड.
व्हॅनमध्ये चढवण्याआधी ती म्हणाली, थांब जरा,
खिशातून पक्कड काढली, तार तोडली,
चिठ्ठी कोटात ठेवली.
आस दिला.

आता ऑक्टोबर. परवा लेम्स्टरच्या चढावर
चाळिसाला मागून आवाज आला,
बंद ओठांतून यावा तसा.
वर जाऊन कडेला थांबले, भावाला फोन लावला,
समोरच्या सीटवर ठेवला आणि पुन्हा गाडी काढली.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
"आहे थोडी कुरकुर," मग म्हणाला,
"पण जुनी जोडी आहे, राहू दे.
तेल तेवढं बघत जा."