आय ॲम अफ्रेड

शिरोलीच्या फौंड्रीत माझं टेबल
भट्टीपासून चाळीस पावलांवर.
मध्ये एक काच, काचेवर काळी धूळ,
आणि टेबलावर तो फोन
ज्याच्या पलीकडं बर्मिंगहॅम.

साहेबांनी मला क्लासला घातलं ते एका वाक्यामुळं.
व्हिटलॉक विचारत होता, पंपांच्या बॉड्या निघणार कधी.
मी म्हटलं, "आय टोल्ड यू नो, टुमारो!"
माझ्या हिशेबी ते प्रेमानं होतं.
जवळच्या माणसाशी आम्ही असंच बोलतो,
अंगावर गेल्यासारखं.
तिकडं बराच वेळ कुणी बोललंच नाही.

शाहूपुरीत, टायरच्या दुकानावरच्या माडीत, बारदेस्कर मॅडम.
पांढरा अंबाडा, पुढ्यात जुना काळा फोन,
वायर कशालाच न जोडलेली.
त्यात बोलायचं.
"हसून बोल, हेमलता. हसू तारेतनं जातं."
'हू आर यू' नाही, 'मे आय नो हूज कॉलिंग'.
नुसतं 'थांबा' म्हणायचं तरी
आधी चार शब्दांची पायघडी.
आणि बातमी वाईट असली, की पहिल्यांदा 'आय ॲम अफ्रेड'.

मी विचारलं, मॅडम, भ्यायचं कशाला?
माल उशिरा चाललाय, वाघ थोडाच आलाय?
वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या.
"भीती तुझी नाही गं.
तू तेवढं म्हणेपर्यंत
समोरचा खुर्ची ओढून घेतो."

त्या वर्षी मी पावणेदोनशे वेळा भ्याले.
कास्टिंगला ब्लोहोल पडले म्हणून,
कंटेनर न्हावाशेव्याला अडकला म्हणून,
पंचगंगा हायवेवर आली म्हणून.
"आय ॲम अफ्रेड द रिव्हर इज ऑन द रोड, सर."
"ऑफ कोर्स इट इज," व्हिटलॉक म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.
मॅडमचं खरं होतं, तारेतनं आलं.

मग मार्चमधला तो मंगळवार.
लेडल कलंडला.
तातोबा लोहाराच्या पायावर पातळ लोखंड.
जीप त्याला घेऊन सीपीआरकडं सुटली
आणि सगळे काचेतनं माझ्याकडं बघायला लागले.
फोनवरचं काम हेमलताचं.

रुकडीत रिंग वाजत होती
आणि मी मराठीत 'आय ॲम अफ्रेड' शोधत होते.
सापडलं नाही. निदान माझ्याजवळ नव्हतं.
"कोण हाय?" मागं भांड्यांचा आवाज.
आधी नाव. मग कंपनी. हळू.
"मी हेमलता मगदूम, कंपनीतनं बोलतोय.
आक्काताई, जरा बसता का?"
भांडी थांबली. काहीतरी सरकल्यासारखं वाजलं.
"पाय भाजलाय त्यांचा. शुद्धीवर हाईत.
तुमचंच नाव घेत होते."
शेवटचं खोटं. ते क्लासमध्ये नव्हतं.
वॉर्डाचा नंबर तिच्याकडनं दोनदा म्हणवून घेतला
आणि ती ठेवेस्तोवर फोन कानालाच धरला.
ती ठेवीना.
मीही काही बोलले नाही.
हसू जातं तर हेही जात असेल.

दुसऱ्या दिवशी व्हिटलॉक.
"आय ॲम अफ्रेड" म्हटलं आणि गळाच धरला.
तो म्हणाला, "टेक युअर टाइम."
मग बॉड्यांचं काहीच न विचारता
विचारलं, तो माणूस कसा आहे.
वहीत याला वाक्य नव्हतं.
"ही इज ईटिंग भाकरी, सर."
"गुड," तो म्हणाला. "दॅट्स गुड."
भाकरी म्हणजे काय, विचारलं नाही.

तातोबा आता गेटवर असतो, एक पाय स्टुलावर.
इंटरकॉम वाजतो.
"हेमलताबाई, जरा बसता का?"
मी बसलेलीच असते, तरी खुर्ची ओढते.
"आज चहाला दूध न्हाई."